तहान पाण्यानं, हौस सरबतानं

सरबताचा पहिला घोट तोंडात घेतला की ते डावा डोळा मिटायचे. उजवा उघडाच. त्या उघड्या डोळ्यानं समोरच्या भिंतीकडे अशा काही नजरेनं बघत राहायचे, की जणू भिंतीवर कुणी बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवलं असावं. तोवर मांडवात कुणी बोलायचं नाही. मुलीचा बाप तर श्वासही जपून घ्यायचा. मग डावा डोळा उघडायचा आणि ते म्हणायचे, "जमलंय." नाहीतर म्हणायचे, "मेल्यांनो, लिंबू काय नुसतं दुरून दाखवलंत?"

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नघरी तो सगळ्यांच्या आधी पोचतो, सगळ्यांच्या नंतर निघतो आणि पत्रिकेत त्याचं नाव कुठंच नसतं. आमच्या चिंचवडात ते होते.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या भोंग्यानं अजून आजूबाजूच्या ज्वारीतली पाखरं उडत होती. मी टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहायला, ते स्टोअर्समध्ये. मूळचे राजापूरकडचे. माझ्या खोलीच्या शेजारचीच खोली त्यांची. चाळिशी गाठलेली, लग्न केलेलं नाही. का नाही केलं असं विचारलं तर म्हणायचे, "लग्न दुसऱ्याचं असावं. आपलं फक्त सरबत असावं."

आम्ही सगळे तेव्हा कुठून कुठून आलेलो. कुणी सोलापूरचा, कुणी नगरचा, कुणी साताऱ्याचा. नातेवाईक राहिले गावाकडे आणि लग्नं व्हायला लागली इथं. लग्नात मुलीमागे उभा राहायला मामा लागतो. तो वेळेवर गावाहून आला नाही तर हे पंचा खांद्यावर टाकून उभे राहायचे. त्यातून त्यांचं नाव 'मामा' पडलं. मग ज्यांचे खरे मामा हजर होते त्यांचेही हे मामा झाले.

रिसेप्शन हा शब्द तेव्हा पुण्याच्या पत्रिकांवरून हळूहळू आमच्याकडे सरकत होता. आम्ही पानसुपारीच म्हणायचो. दारूबंदीचे दिवस, त्यामुळं पेय म्हणजे सरबत, पन्हं, दूध, कॉफी. एका लग्नात पुण्याहून आलेल्या एका काकांनी मामांना बाजूला घेऊन डोळा मारत विचारलं होतं, "काही खास ठेवलंय की नाही?" मामा गंभीरपणे म्हणाले, "ठेवलंय ना. पण कुणाला सांगू नका." आणि त्यांच्या हातात आल्याच्या रसाचा पेला दिला. काका तो एका दमात प्यायले. नंतर बराच वेळ ते कुणाशीच बोलले नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी मामांचं काम जवळून पाहिलं. वडिलांच्या मनात मसाला दूध होतं. व्याह्यांच्या घरी मागच्या लग्नात बदाम घातलेलं दूध होतं, मग आपण कमी कसे पडायचे? आणि खिशाकडे बघितलं तर बदाम सोडाच, दुधाचंही कठीण होतं. वडील दोन दिवस अबोल होते. मी मामांना घेऊन आलो.

मामांनी आल्या आल्या विहिरीचं पाणी मागितलं. प्यायले. डोळा मिटला, उघडला.

"पाणी जड आहे. लिंबू थोडं जास्त लागेल. पानसुपारी कितीला?"

"पाचला," वडील म्हणाले.

"म्हणजे माणसं उन्हातून येणार. उन्हातून आलेल्याला दूध पाजलंत तर तो परत तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"पण अण्णा, लोक काय म्हणतील?" वडील त्यांना मामा म्हणायचे नाहीत. वयानं मोठे असूनही अण्णा म्हणायचे.

"लोक दारात येतात तेव्हा तहानलेले असतात. तहानलेला माणूस जे पुढं येईल ते घटाघटा पितो. तिथं सरबत ठेवलंत तर पिंपंच्या पिंपं पुरणार नाहीत. दारात वाळा घातलेलं गार पाणी ठेवा. रांजणच्या रांजण ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. मग आत बसवा, पंख्यानं वारा घाला, आणि मग छोट्या पेल्यातून सरबत द्या. तहान पाण्यानं भागवायची, हौस सरबतानं. हौसेनं तहान भागवायला गेलं की घर बुडतं."

वडिलांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी रंग आला.

"आणि पोरांना आधी पाजा," मामा म्हणाले. "पोरं गप्प बसली की मोठ्यांना चव लागते."

एवढं बोलून ते उठले. दारापर्यंत गेले आणि थबकले. "नवरीला विचारलंत का, तिला काय आवडतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. विचारायचं असतं हे आमच्या गावी नव्हतं. मामा सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेले. "तायडे, तुझ्या लग्नात काय हवं गो तुला?"

माझी बहीण पिठाच्या हातानं पदर सावरत खाली बघून म्हणाली, "कोकम."

आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी कधीतरी शेजारच्यांकडे प्यायली होती म्हणे. मामांनी गावाहून कोकमाचं आगळ मागवलं. पानसुपारीला माणसं लाल पेले हातात घेऊन "वा, वा" करत होती आणि माझी बहीण बसल्या जागेवरून ते ऐकत होती. तिचा तो चेहरा मला आजही आठवतो. बदामाचं नाव कुणी काढलं नाही.

त्यांचं नवरीला हे विचारणं प्रत्येक लग्नात असे. पैसे ते घेत नसत. हे एवढं विचारू द्यायचं, बाकी काही नाही.

मामांच्या सरबताला नावं ठेवणारं कुणी निघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. निघालं. गावातल्या शाळेत एक बाई होत्या, सोलापूरकडच्या. तिशी ओलांडलेल्या, भावाकडे राहायच्या. भाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नात त्यांनी सरबताचा एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"साखर फार झालीय."

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना वळल्या. मामा तिथंच पेले भरत होते.

"बाई, लग्नाचं सरबत आहे."

"म्हणूनच म्हणते. अशानं दुसरा पेला कुणी मागणार नाही."

मामा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मागू नये म्हणूनच गोड केलंय. मुलीचा बाप बेताचा आहे."

बाई हसल्या. "मग जरा खुर्च्यांखाली बघून या."

मामांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. प्रत्येक खुर्चीखाली अर्धा भरलेला पेला. माणसांनी भिडेखातर घेतलं होतं आणि गोडानं तोंड फिरल्यावर गुपचूप खाली ठेवून दिलं होतं. बेताच्या बापाचं अर्धं सरबत मुंग्यांना चाललं होतं.

दुसरा कुणी असता तर रागावला असता. मामा परत आले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या लग्नाला या."

मग बाई प्रत्येक लग्नाला येऊ लागल्या. गावात शिकवायच्या म्हणजे आमंत्रण असायचंच. पहिला पेला मामा स्वतः त्यांच्यापुढे घेऊन जायचे.

"आज कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

एवढं ऐकायचे आणि संध्याकाळभर नुसते इकडून तिकडे फिरायचे. मला वाटायचं, टीका लागली असेल मनाला. माझी बायको एकदा म्हणाली, "अख्खं चिंचवड त्यांना मामा म्हणतं. बाई म्हणतात का कधी?"

मी आठवून पाहिलं. नव्हत्या म्हणत.

"मग?" बायको म्हणाली.

"मग काय?"

"काही नाही. तुमच्या डोक्यात हजेरीशिवाय दुसरं काही शिरायचं नाही."

पुढं एका रविवारी सकाळी मी मामांच्या खोलीत चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात बाईंचा भाऊ आला. खूश दिसत होता.

"मामा, आमच्या बहिणीचं जमलं की हो! बार्शीकडचे आहेत. बिजवर आहेत, पण घर मोठं आहे, शेती आहे. वैशाखात उरकून टाकायचं. पेयाचं तुम्हीच बघायचं बघा. खर्च जरा हात राखून."

मामांच्या हातात बशी होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली. चहा निवून त्यावर साय धरली. मग म्हणाले, "हो. बघतो. नवरीला विचारलं पाहिजे."

"विचारा की. घरातच आहे. चला."

आम्ही तिघं गेलो. बाई माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. इतक्या नवऱ्या मुलींना हा प्रश्न विचारलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी आधी काढलेल्या चपला दोनदा सरळ करून ठेवल्या.

"बाई, तुमच्या लग्नात काय ठेवू?"

बाईंनी सुपातून नजर उचलली नाही. "मला विचारताय?"

"नवरीला विचारायची रीत आहे माझी."

"सरबताचंच विचारताय, की बाकीचंही?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. मग मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "बाकीचंही."

"मग मला हे लग्न नको." बाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "दादाला कितीदा सांगितलं. त्याला ऐकू येत नाही. तुम्ही सांगून बघा."

भाऊ लालबुंद झाला. "मामा! तुम्हाला सरबताचं विचारायला आणलं होतं मी!"

"तेच विचारलं," मामा म्हणाले. "नवरी नाही म्हणते. आता नवरीशिवाय पेय कसं ठरवू?"

भावानं आम्हाला अक्षरशः अंगणाबाहेर काढलं. येताना वाटेत मी हसू दाबत होतो. मामा हसत नव्हते.

लग्न मोडलं. बार्शीकडच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. गावात एकच बोलणं झालं: सरबत विचारायला गेला आणि लग्न मोडून आला. अशा माणसाला आपल्या मुलीच्या दाराशी कोण बोलावणार? त्या वैशाखात चिंचवडात एकामागून एक लग्नं झाली. मामांना एकाही मांडवातून बोलावणं आलं नाही. सनई ऐकू यायला लागली की ते खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि स्टोव्ह पेटवायचे, म्हणजे त्याच्या आवाजात सनई बुडून जायची.

एकदा माझ्या बायकोनं मुद्दाम लिंबाचं सरबत करून त्यांना दिलं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि पाणी प्यावं तसं पिऊन टाकलं. डोळा मिटला नाही. "छान," म्हणाले आणि पेला परत दिला. मला ते बघवलं नाही.

आषाढ लागला. एका रविवारी दुपारी बाई आमच्याकडे आल्या. छत्री दारात टेकवली, माझ्या बायकोशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळं त्यांना कुणी बोलवत नाही."

"तुमच्यामुळं कशानं? लोकांच्या जिभेमुळं," बायको म्हणाली.

"ते जगाला विचारत फिरतात, तुला काय आवडतं म्हणून. त्यांना कुणी विचारलंय का कधी?"

इतकी वर्षं शेजारी राहून मी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःला काही आवडत असेल हेच कधी सुचलं नव्हतं.

बाई उठल्या. मामांचं दार दोन पावलांवर. आम्ही नवराबायको मागोमाग गेलो. जायला नको होतं, पण गेलो. तुम्हीही गेला असता. मामा स्टोव्ह उलटा करून पिन मारत बसले होते. हात काळे झाले होते.

"तुम्हाला काय आवडतं?" बाईंनी दारातूनच विचारलं.

मामा दचकले. त्यांना वाटलं, पेयाचंच चाललंय. "मला? ताक आवडतं."

"कसं?"

"पातळ. हिंग-जिरं लावलेलं."

"येतं मला ते," बाई म्हणाल्या. "आणखी?"

मामा हातातली पिन फिरवत राहिले. पन्हाळीतून पाणी पडत होतं. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, पण मदतीसाठी नव्हे. आम्ही आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मग खाली बघत म्हणाले, "आणि तुम्ही 'बरं आहे' म्हणता ना, ते."

माझ्या बायकोनं माझा सदरा धरून मला मागं ओढलं. पुढचं आम्ही ऐकलं नाही.

भावाचा प्रश्न होताच. तो मामांचं नावही घेत नव्हता. लग्न मामांशीच करणार हे बाईंनी त्याला स्वतः सांगितलं आणि रागावण्याची पुरेशी सवड दिली. गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या फराळाला तो अचानक मामांच्या खोलीत येऊन बसला. चकलीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणखी एक मोडला. शेवटी म्हणाला, "आता पेयाचं कोण बघणार?"

तेवढाच त्याचा होकार.

पेयाचं बघायला अख्खं गाव पुढं आलं. वैशाखात ज्यांनी बोलावलं नव्हतं ते सगळ्यात पुढं. कुणी म्हणे केशर घाला, कुणी म्हणे पुण्याहून गोळीच्या सोड्याच्या बाटल्या आणू. पण पैसा पुन्हा बेताचाच. मामांच्या पगाराचा मोठा भाग दर महिन्याला राजापूरला घरी जायचा. माझी बायको उठली आणि बाईंना विचारून आली. उसाचा रस. आलं हवं, बर्फ नको.

पुनावळ्याचे एक शेतकरी होते. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सगळं मामांनी पाहिलं होतं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "रस व्हय? मंग त्यात काय इचारायचं. ऊस आमचा, चरक आमचा, बैलं बी आमचीच. आमी हाय न्हवं."

फाल्गुनात लग्न झालं. मांडवाशेजारी चरक उभा राहिला आणि बैलं गोल फिरायला लागली. पुण्याचे पाहुणे नाक मुरडतील असं वाटलं होतं, तर तेच चरकाभोवती कोंडाळं करून उभे. मामांना आम्ही बजावून ठेवलं होतं, आज तुम्ही नवरदेव, जागचं हलायचं नाही. ते कपाळाला मुंडावळ्या बांधून बसले होते खरे, पण कान सगळा चरकाकडे. मध्येच ताशा कडकडला, एक बैल बुजला आणि दावं तोडायला लागला. कुणी काही करायच्या आत नवरदेव मुंडावळ्या उडवत मांडवातून धावत सुटले आणि त्यांनी बैलाची वेसण धरली. पुनावळ्याचे शेतकरी ओरडत होते, "मामा, सोडा वो, आज तरी सोडा!" मामांनी बैल शांत केला, मग परत येता येता पिंपात डोकावले आणि म्हणाले, "आलं कमी आहे."

बाईंच्या भावानं त्यांना दंडाला धरून जागेवर आणून बसवलं आणि सगळ्यांत आधी दोघांपुढं दोन पेले ठेवले. मामांनी घोट घेतला. डावा डोळा मिटला. मांडव थांबला. पण बाईंचा पेला तोवर अर्धा झाला होता.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

मामांनी डोळा उघडला. "जमलंय," ते ओरडले. मग पेल्यांचा एकच खणखणाट झाला.

पुढं तीनेक वर्षं ते दोघं आमच्या शेजारीच होते. मग बाईंना सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. लोकांना वाटलं, बाई नाही म्हणतील. मामांनीच कारखान्याचा राजीनामा दिला. बायकोच्या नोकरीमागं जाणारा पुरुष चिंचवडानं तोवर पाहिला नव्हता. टाइम ऑफिसात हसणं झालं, मीही त्यांना म्हणालो, "मामा, कायमची नोकरी सोडताय." ते म्हणाले, "स्टोअर्स कुठंही असतात रे. बाईमाणसाच्या हाताखाली चालणारी शाळा कुठंही नसते."

चिंचवड स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. मी, माझी बायको आणि बाईंचा भाऊ. त्यांची ट्रंक भावानंच डोक्यावर घेतली होती, हमालाला हात लावू दिला नाही. गाडी आली. बाई खिडकीशी बसल्या. मामा दारात उभे राहिले. गाडी हलली तसं त्यांना काहीतरी आठवलं. ते वाकून, हात हलवून मोठ्यानं काही सांगायला लागले. नेमका इंजिनाचा भोंगा वाजला. आम्ही तिघांनीही माना हलवून "हो, हो" म्हटलं. ते समाधानानं आत वळले.

परत येताना रस्त्यात बायको म्हणाली, "खोलीची किल्ली मालकाला द्या म्हणाले." भाऊ म्हणाला, "छे हो! दिवाळीला या म्हणाले, सोलापुरी चादर घेऊन या म्हणाले." दोघं घरापर्यंत भांडत होते. मी मध्ये पडलो नाही. मला काहीच ऐकू आलं नव्हतं; पण ते जे काही होतं त्याला मी हो म्हटलं होतं आणि तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं.